वर्गमित्र मामा

मामा वर्गात शिरले की आधी मुंडकी मोजायचे. दारातच उभं राहून, उजव्या हाताचं बोट किंचित हलवत, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत. ओठ हलायचे, आवाज नसायचा. मोजून झालं की स्वतःशीच "चौतीस" असं काहीतरी पुटपुटायचे आणि दाराजवळच्या बाकावर बसायचे. ती जागा सोडून त्यांना दुसरीकडे बसवणं दोन वर्षांत कुणालाही जमलं नाही. दाराजवळ बसलं नाही तर आपल्याला गाडी लागते, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं.

आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. निवृत्त झाला आणि आमच्याबरोबर एम.बी.ए.ला बसला.

पहिल्या दिवशी ते वर्गात आले तेव्हा आम्ही सगळे उभे राहिलो. पांढरा सदरा, कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं, काखेत रेक्झिनची बॅग. आम्हाला वाटलं, सर आले. तेही आमच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बसा, बसा. जरा सरकून बसा, मागं लई जागा खाली हाय." आम्ही सरकून बसलो. मग तेही बसले. पाच मिनिटांनी मॅडम आल्या, तर हे आमच्याबरोबर उठून उभे.

मॅडम लातूरच्या होत्या, वयाने आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्या गोंधळल्या. "आपण कुणाचे पालक आहात का?"

"पालक बी हाय आन विद्यार्थी बी हाय. रोल नंबर सव्वीस."

"आणि पाल्य?"

मामांनी दुसऱ्या बाकाकडे पाहिलं. तिथे एक मुलगी मान खाली घालून वहीच्या पहिल्या पानावर तारीख लिहीत होती. तिने एवढ्या वेळात ती तीनदा तरी लिहिली असेल. "त्या वैशालीताई. रोल नंबर सत्तावीस. माझी सून हाय."

वर्गात कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दुपारच्या चहापर्यंत वैशाली त्यांना 'मामा' म्हणते हे सगळ्यांनी ऐकलं होतं आणि संध्याकाळपर्यंत ते चौतीस जणांचे मामा झाले होते.

त्यांचं गाव धारूरच्या अलीकडे, डोंगरात. आमचं कॉलेज अंबाजोगाईच्या बाहेर, माळावर. सकाळची गाडी मिळाली तर सव्वा तासाचा रस्ता, नाही मिळाली तर काही खरं नाही. मामांचा एकुलता एक मुलगा लग्नानंतर दीड वर्षात मोटरसायकलच्या अपघातात गेला. वैशाली तेव्हा चोवीस वर्षांची होती, बी.कॉम. झालेली. वर्षश्राद्ध झाल्यावर महिनाभराने तिने सासऱ्यांपुढे चहाचा कप ठेवला आणि कप ठेवता ठेवताच सांगितलं की मला पुढं शिकायचंय. मामांनी चहा संपवला आणि म्हणाले, "शिक."

एवढं सोपं ते नव्हतं. प्रवेश परीक्षेचा क्लास अंबाजोगाईत, आणि नवरा गेलेली तरणी सून रोज एकटी गाडीने जाते म्हटल्यावर गावाला दुसरा विषय उरला नाही. म्हणून मामा तिच्यासोबत येऊ लागले. ती आत शिकायची, हे बाहेर पायरीवर बसायचे. आठ-दहा दिवसांनी क्लासवाला बाहेर येऊन म्हणाला, "काका, बाकीच्या पोरींचे आईबाप विचारतात, हे रोज कोण बसतं इथं. तुम्ही एक तर स्टँडवर जाऊन बसा, नाहीतर फॉर्म भरा."

मामा म्हणाले, "फॉर्म द्या."

नोकरीत असताना त्यांनी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं होतं, गाडी मुक्कामाला असली की अभ्यास करून. त्यामुळे फॉर्म भरायला अडचण नव्हती. परीक्षेत त्यांना मार्क बेताचेच पडले, पण आमच्या कॉलेजच्या निम्म्या जागा दरवर्षी रिकाम्या राहायच्या, तिथे बेताच्या मार्कांना कोण विचारतं. अशा रीतीने सासरा आणि सून एका वर्गात आले.

मामांनी पहिल्याच दिवशी एक नियम केला होता. आम्हाला तो हळूहळू कळला. कॉलेजच्या गेटबाहेर ती 'पोरी' आणि आत आल्यावर 'वैशालीताई'. गेटबाहेर अरे-तुरे, आत अहो-जाहो. गेटबाहेर त्यांची पिशवीही तीच घेऊन चालायची, पण आत ते तिला कशालाही हाक मारायचे नाहीत. पाणी आण नाही, डबा काढ नाही. डबेसुद्धा दोन वेगळे होते. त्यांच्या घरच्या मामी दोघांना दोन डबे बांधून द्यायच्या, एकसारखे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "भाई, गेटाच्या आत सासरा-सून न्हाई. आत आमी दोगं विद्यार्थी. सासऱ्यासमोर बसून कुनाला शिकाया येतं का?"

मला ते 'भाई' म्हणायचे. माझ्या अब्बांचं स्टँडच्या मागे गॅरेज होतं, जीप आणि ट्रॅक्टरचं. अब्बा आणि मामा एकमेकांना वीस वर्षांपासून ओळखत होते हे मला नंतर कळलं. मामांची गाडी एकदा भर बाजारात बंद पडली होती आणि अब्बांनी ती ढकलायला माणसं गोळा केली होती, एवढीच ओळख. पण दोघं ती अशी सांगायचे जणू युद्धात बरोबर होते.

एकदा मॅडम आम्हाला माणसाच्या गरजा शिकवत होत्या. फळ्यावर त्रिकोण काढून, खाली पोटापाण्याच्या गरजा, मग सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मान, आणि टोकाला स्वतःला घडवणं. खालची गरज भागली की माणूस वरच्या पायरीवर जातो. आम्ही उतरवून घेत होतो. मामांनी हात वर केला.

"मॅडम, ही आमची गाडीच झाली."

"म्हणजे?"

"दारात लटकलेला गडी काय मागतो? दांडी. नुसती धरायला दांडी द्या म्हनतो. दांडी भेटली की त्याला पाय ठेवाया जागा पायजे. पाय ठेवला की बसाया पायजे, मग तीन सीटावर चौथा बसतो. बसला की मग खिडकी पायजे. खिडकी भेटली की मग म्हनतो, कंडक्टर, गाडी जरा दमानं घ्या, आमाला डोंगर बघू द्या."

मॅडम हसल्या. पण मामांचं संपलं नव्हतं. "आता मला एक सांगा, दारात लटकलेल्याला डोंगर दिसत न्हाई का? दिसतो की. त्याला बी आवडतो. तुमच्या तिरकोनात तसं न्हाई लिवलेलं."

पुढच्या वर्षीच्या मुलांना मॅडम हा धडा बसचं चित्र काढून शिकवतात असं नंतर ऐकलं.

त्यांच्या सगळ्या सवयी अशा रस्त्यावरच्याच होत्या. तास उशिरा सुरू झाला तर ते वहीच्या कोपऱ्यात वेळ लिहून ठेवायचे: 'सुटली १०.१२'. कुणी बोलत असताना मध्ये दुसरा बोलला की म्हणायचे, "एकजन उतरू द्या, मग चढा." आणि प्रत्येक नव्या माणसाला ते आधी कुठपर्यंत जायचंय हे विचारायचे. शिपायाला, पाहुण्या व्याख्यात्याला, प्राचार्यांनाही. मलाही विचारलं होतं. मी म्हणालो, पुणे, नाहीतर मुंबई. ते म्हणाले, "गाव न्हाई विचारलं. कुठवर जायचंय?"

इंग्रजीने त्यांना फार छळलं. दुसऱ्या सत्रात प्रत्येकाला दहा मिनिटं इंग्रजीतून बोलायचं होतं. वैशालीने त्यांना भाषण लिहून दिलं, आणि मामा ते पाठ करू लागले. कुठे, तर गाडीत. पंधरा दिवस, जाताना आणि येताना, मोठ्याने. एवढी वर्षं ते गाडीत मोठ्याने बोलत आले होते, मनातल्या मनात पाठ करणं त्यांना जमायचंच नाही. त्या दिवशी ते फळ्यापुढे उभे राहिले, पहिली चार वाक्यं घडघड म्हणाले आणि पाचव्याला अडले. वैशाली खाली बघत होती. मदत करायची नाही असं मामांनीच तिला बजावलं असणार. तेवढ्यात दाराबाहेरून पाचवं वाक्य आलं. बाहेर बी.बी.ए.च्या तीन पोरी उभ्या होत्या, मामांच्याच गाडीने येणाऱ्या. पंधरा दिवस ऐकून त्यांचंही पाठ झालं होतं. मग मामा एक वाक्य म्हणायचे आणि अडले की दारातून पुढचं यायचं. मॅडमनी दहापैकी सहा दिले. मामांनी त्यातले निम्मे मार्क पोरींना द्यावेत असा अर्ज खरोखर लिहिला होता. तो वैशालीने फाडला.

ती तोवर वर्गात फारसं बोलत नव्हती. विचारलं तर उत्तर द्यायची, तेही मामा जिथे बसायचे त्या बाजूला न बघता. ते बदललं दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला.

चर्चेचा विषय होता एक प्रवासी वाहतुकीची कंपनी. तिचा एक डोंगरातला मार्ग तोट्यात चालला होता. तो बंद करावा की चालू ठेवावा, यावर वर्गाचे दोन गट करायचे होते. मॅडमनी बंद करणाऱ्या गटाचं म्हणणं मांडायला वैशालीला उभं केलं. चालू ठेवणाऱ्या गटाकडून अर्थातच मामा.

मामा आधी बोलले आणि त्यांनी वर्ग जिंकला. डोंगरातल्या शेवटच्या गावातून शाळेला येणाऱ्या मुली, दवाखान्यात येणारी म्हातारी, बाजाराला माळवं घेऊन येणारी बाई, त्यांनी सगळ्यांना नावानिशी गाडीत बसवलं. शेवटी म्हणाले, "गाडी बंद केली तर आधी पोरींची शाळा बंद हुती. हे कागदात दिसत न्हाई." आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग वैशाली उठली. सुरुवातीला आवाज बसलेला होता. ती म्हणाली, "सव्वीस नंबर जे म्हणतात ते मला मान्य आहे. पण अशा शाळेला येणाऱ्या मुलींपैकी एक मी होते. आमची गाडी मला रोज शाळा सुटल्यावर दोन तास स्टँडवर बसवून ठेवायची. गाडी होती, पण माझ्या वेळेला नव्हती. अशी गाडी चालू ठेवून कुणाचं भलं होतं?" मग तिने फळ्यावर लिहायला घेतलं. मोठ्या गाडीची एक लांब फेरी बंद, त्याऐवजी छोट्या गाडीच्या तीन फेऱ्या, शाळेच्या वेळेला, बाजाराच्या वेळेला, दवाखान्याच्या वेळेला. खर्च किती, माणसं किती. ती दहा-बारा मिनिटं बोलली. शेवटी शेवटी ती सरळ मामांकडे बघून बोलत होती, आणि त्यांनी मध्ये काही विचारलं तर "थांबा, माझं होऊ द्या" म्हणाली.

ते वाक्य तोंडातून गेल्यावर ती स्वतःच थबकली. घरी ती त्यांच्यापुढे बसतसुद्धा नव्हती. आम्ही सगळे मामांच्या तोंडाकडे बघत होतो.

मामा उभे राहिले. खिशातलं पेन काढून परत लावलं. म्हणाले, "मॅडम, आमचा मुद्दा पडला. आमी एवढी वर्सं गाडीतून बाहेर बघितलं. स्टँडावर बसून गाडीकडं कधी बघितलंच न्हाई." आणि बसले.

त्या दिवशी कँटीनमध्ये त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि जो येईल त्याला सांगितलं की आज आपण हरलो. इतक्या आनंदाने हरलेला माणूस मी पाहिलेला नाही. वैशाली मात्र नळापाशी उभी राहून बराच वेळ तोंड धूत होती.

मला वाटायचं हा माणूस देवमाणूस आहे. एका दुपारी गॅरेजमध्ये मी त्यांना तसं म्हणालोही. गाडीला वेळ होता, ते अब्बांच्या खुर्चीवर बसले होते, मी एका जीपचे ब्रेक सोडवत होतो. ते एकदम म्हणाले, "भाई, तसं म्हनू नको. तुला ठावं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. वैशाली लग्न होऊन आली त्याच वर्षी तिने पुढे शिकायचं विचारलं होतं. मुलगा तयार होता. म्हणाला, मी गाडीवर सोडत जाईन. मामांनीच नाही म्हटलं. "मी म्हनलो, घरात खायाला हाय, ल्यायाला हाय, कावून शिकायचंय? पोरगं काय बोललं न्हाई. ती बी न्हाई. आता तुझी मामी मला डबा देताना कवा कवा म्हनती, ते जितं होतं तवा सोडली असती तर दोगं हसत-खेळत गेले असते. मी काय बोलू? खरंच हाय ते."

मी हातातला पाना खाली ठेवला. मामा उठले, जीपला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मागच्या टायरात हवा कमी हाय बग." आणि स्टँडकडे गेले.

शेवटच्या सत्रात पुण्याची एक कंपनी मुलाखतीला आली. मालवाहतुकीची. गोदामं, ट्रक, कुठला माल कुठे कधी पोहोचवायचा, ते काम. आमच्यातल्या अकरा जणांनी मुलाखत दिली. मामाही बसले होते, त्यांना मुलाखतवाल्याने विचारलं की तुम्ही पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, तर हे म्हणाले, "साहेब, बघायला असलो म्हंजी लई झालं." निवड दोघांची झाली. त्यातली एक वैशाली.

आठवडाभर मामांनी वर्गातली मुंडकी मोजली नाहीत. कुणी म्हणे घरी भांडण झालं, कुणी म्हणे गावात बैठक झाली. खरं काय ते कळलं वैशालीचा भाऊ कॉलेजात आला तेव्हा. तो परळीकडचा, वैशालीपेक्षा मोठा, शिक्षक. माणूस वाईट नव्हता. कँटीनसमोरच्या लिंबाखाली तो मामांपुढे हात जोडून उभा राहिला. आम्ही चार-पाच जण जवळच होतो.

"मामा, तुमी लई केलं. बापानं बी केलं नसतं. पण पुन्याला एकटी? तिथं कोन हाय आपलं? इथं तुमी सोबत होता, म्हणून कुनाला बोलता आलं न्हाई. तिथं काय करनार? तिला म्हनावं नको जाऊ. तुमचं ती ऐकंल."

मामा म्हणाले, "मला कावून विचारतो? मी तिचा वर्गमित्र हाय. वर्गमित्राला विचारून कुनी नोकरी घेतं का?"

"मामा, चेष्टा नका करू."

"चेष्टा न्हाई, बाळा. ती समोर उभी हाय. तिला विचार."

भावाने बहिणीकडे पाहिलं. वैशालीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. ती म्हणाली, "दादा, मी हो म्हणून कळवलंय त्यांना. परवाच."

"मामांना न विचारता?"

उत्तर मामांनी दिलं. "मला सांगितलं तिनं. विचारलं न्हाई. बरं केलं. विचारलं असतं तर मी मागच्या वक्ताला जे म्हनलो तेच तोंडातून गेलं असतं. जीब सवकली हाय."

मग भावाने विचारलं, "राहायचं कुठं?" तेव्हा आम्हाला कळलं की तो मानला. कंपनीच्या जवळ मुलींचं वसतिगृह होतं, त्याचा पत्ता वैशालीने आधीच काढून ठेवला होता. तो त्याने लिहून घेतला.

ती पुण्याला निघाली त्या दिवशी मीही त्याच गाडीत होतो. माझी दुसऱ्या एका कंपनीत मुलाखत होती. मामी स्टँडवर आल्या होत्या. त्यांनी वैशालीच्या हातात डबा दिला आणि तिच्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. मामा गाडीत चढले. म्हणाले, मांजरसुंब्यापर्यंत येतो.

मांजरसुंब्यापर्यंत ते काही तिच्याशेजारी बसले नाहीत. कंडक्टरशेजारी बसले. तरुण कंडक्टर होता, त्याच्याशी मार्गाबद्दल, ड्युटीबद्दल बोलत राहिले. मध्येच मागे वळून बघायचे, पण आमच्याकडे नाही, सगळ्या गाडीकडे. केज गेलं, नेकनूर गेलं. मांजरसुंब्याच्या चौकातल्या धाब्यावर गाडी चहाला थांबली. मामा उतरले आणि खिडकीखाली येऊन उभे राहिले. वैशाली पाया पडायला उठली तसं ते म्हणाले, "उतरू नको. जागा जाईल."

ती परत बसली. खिडकीतून हात बाहेर काढला. त्यांनी तो धरला नाही, फक्त दोन बोटांनी तिच्या मनगटावर टकटक केलं. "पोचली की फोन कर. रोज करायची गरज न्हाई." आणि ट्रकमधून वाट काढत रस्ता ओलांडून पलीकडे गेले, केजकडे जाणाऱ्या गाडीसाठी. आमची गाडी सुटेपर्यंत ते तिथे उभे होते, पाठ करून.

नगरला वैशालीने डबा उघडला आणि अर्धी भाकरी मला दिली.

माझी मुलाखत गेली वाया. दोन दिवसांनी मी परत आलो आणि अब्बांच्या गॅरेजात उभा राहिलो. सत्र संपलं होतं, निकाल लागले होते, बरेच जण आपापल्या गावी गेले होते. मामा सगळ्या विषयांत पास झाले, एक सोडून. पहिल्या सत्रातलं संख्याशास्त्र. त्यात ते दोनदा नापास झाले होते आणि आता तिसऱ्यांदाही झाले. आम्ही सगळे धरूनच चाललो की मामांचं एम.बी.ए. आता संपलं. ज्यासाठी आले होते ते काम तर झालं होतं.

एका सोमवारी सकाळी ते गॅरेजच्या दारात उभे. तोच पांढरा सदरा, तीच बॅग. अब्बा म्हणाले, "या, या. इकडं कसं काय?"

"भाईकडं आलोय. शिकवनी लावायची हाय."

मी म्हणालो, "मामा, आता कशाला? वैशाली तर गेली."

ते थोडे रागावले. मी त्यांना रागावलेलं तेवढं एकदाच पाहिलं. "ती तिच्या नोकरीला गेली. माझा पेपर कोन देनार?"

मग तीन महिने, आठवड्यातून दोनदा, अब्बांच्या खुर्चीवर बसून मामा संख्याशास्त्र शिकले. माझे हात ऑइलने भरलेले असायचे, म्हणून मी सांगायचो आणि ते लिहायचे. सरासरीवर त्यांचं माझं मोठं भांडण झालं. ते म्हणाले, "सकाळच्या गाडीत सत्तर मानसं, दुपारच्या गाडीत धा. तुझी सरासरी म्हनती चाळीस. चाळीस मानसं हायत कुठं? कुठल्याच गाडीत न्हाईत. कुनासाठी काढली ही सरासरी?"

मी म्हणालो, "तुम्ही जे विचारताय ना, तेच पुढचं गणित आहे. सरासरीपासून प्रत्येक गाडी किती लांब आहे ते काढायचं."

मामांनी पेन खाली ठेवलं. "मग हे आदी कावून सांगितलं न्हाई? तीन वक्ताला पाठ करू करू मेलो." त्या दिवसानंतर त्यांना संख्याशास्त्र समजायला लागलं. माझंही तेव्हाच डोक्यात पक्कं झालं, आणि आता लातूरच्या ट्रॅक्टरच्या शोरूमवर मी रोज जे करतो ते त्याच्याच जोरावर.

परीक्षा झाली. निकाल लागला त्या दिवशी दुपारी मामा गॅरेजमध्येच होते. मी मोबाइलवर त्यांचा नंबर टाकला. पान उघडायला वेळ लागत होता. मामा उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. अब्बांनी चालू असलेलं इंजिन बंद केलं.

पास. लागतात त्यापेक्षा तीन मार्क जास्त.

मामांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि स्वतः बघितलं. मग त्यांनी वैशालीला फोन लावला. त्यांना फोन कानाला लावून ऐकू यायचं नाही, म्हणून स्पीकरवर. आम्ही दोघं ऐकत होतो. चार-पाच रिंगनंतर तिने उचलला. पलीकडे बरेच आवाज होते.

"पोरी, मी बोलायलो—"

"मामा, बरं आहे ना सगळं? मामी बऱ्या आहेत ना?"

"सगळं बरं हाय. अगं तो माझा—"

"मग मी नंतर करते, मामा. मीटिंगमध्ये आहे. सगळे माझ्यासाठी थांबलेत." आणि ती कुणाला तरी म्हणाली, हां, दाखवा तो नाशिकचा मार्ग. फोन बंद झाला.

मला वाईट वाटलं. मी म्हणालो, "मामा, थोड्या वेळाने परत लावू."

मामा हातातल्या फोनकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. त्यांनी अब्बांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळू आवाजात, जणू मोठी बातमी सांगावी तसं, म्हणाले, "सगळे तिच्यासाठी थांबलेत."

मग खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "चहा सांग, भाई. आज गाडी गेली तर गेली."